ग्रहीय लहरी, वरचा भोवरा आणि आपली थंडी

(ओटावा येथील हिवाळी बैठकीत दिलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे आणि नंतरच्या प्रश्नोत्तरांतला एक मुद्दा शेवटी घेतला आहे.)



बैठकीची ईमेल गेली आणि दुसऱ्याच दिवशी एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "विषय 'ग्रहीय लहरी' दिलायस. आपल्या बैठकीत पत्रिका मांडायला कधीपासून सुरुवात झाली?" त्याची चूक नाही. ग्रह म्हटलं की मराठी माणसाला शनी-मंगळच आठवतात. तेव्हा आधीच सांगतो, आजच्या विषयातला ग्रह एकच आहे, आपण ज्यावर उभे आहोत तो. या लहरी इतक्या लांब असतात की एक-दोन लहरींतच पृथ्वीला पूर्ण वेढा बसतो, म्हणून त्या ग्रहीय. स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी 1939 साली त्यांचं गणित मांडलं, म्हणून त्यांना रॉसबी लहरी असंही म्हणतात.

मी हवामान खात्यातला माणूस नाही. प्रवाहांची समीकरणं संगणकावर सोडवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे विषय अगदी परका नाही, एवढंच. यातलं संशोधन माझं नाही.

विषय का निवडला ते सांगतो. दर हिवाळ्यात आपल्या कानावर दोन वाक्यं येतात. पारा उणे 28 वर गेला की कोणीतरी म्हणतं, "कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" आणि आपल्यापैकी कोणीतरी तावातावाने उत्तर देतं, "अहो, ही थंडीसुद्धा ग्लोबल वॉर्मिंगमुळेच आहे!" पहिलं वाक्य चूक आहे हे आपल्याला ठाऊक असतं. दुसरं वाक्यही घाईचं आहे, हे मात्र आपण ऐकून घेत नाही. आज मला त्या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

लहर उठते कशी?

आपल्या अक्षांशांवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर त्यांचा वेगवान पट्टा असतो, तो जेट प्रवाह. टोरांटोहून युरोपला जाताना विमान लवकर पोचतं आणि येताना रखडतं, ते याच्यामुळे. हा प्रवाह सरळ वाहत नाही, सपाट मैदानातल्या नदीसारखी वळणं घेत जातो.

वळणं का? समजा, हवेचा एक मोठा पुंजका रॉकी पर्वत ओलांडताना उत्तरेकडे ढकलला गेला. जसजसं ध्रुवाकडे जावं, तसतसा पृथ्वीच्या फिरण्यातून मिळणारा फिरकीचा वाटा वाढतो. एकूण फिरकी तर कायम राहायला हवी. म्हणून पुंजक्याची स्वतःची फिरकी उलट दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होते, आणि ती त्याला पुन्हा दक्षिणेकडे वळवते. दक्षिणेला जास्त उतरला की नेमकं उलटं घडतं. झोपाळा मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातोच, तसं हे चालतं. हीच रॉसबी लहर. रॉकी, हिमालय आणि तिबेटचं पठार, तसंच गार जमीन आणि उबदार समुद्र यांतला फरक, हे या लहरी उठवणारे मुख्य अडथळे. उत्तर गोलार्धात असे अडथळे भरपूर आहेत, दक्षिण गोलार्धात कमी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यांतल्या छोट्या लहरी पूर्वेकडे सरकत जातात. आपल्याकडे दर तीन-चार दिवसांनी हवा बदलते ती त्यांच्यामुळे. सर्वांत लांब लहरी जवळपास जागच्या जागी उभ्या राहतात. 60 अक्षांशावर पृथ्वीचा घेर 20 हजार किलोमीटर आहे, तो सगळा एकाच उंचवट्याने आणि एकाच खळग्याने व्यापणारी लहर कल्पनेत आणा.

वर काय घडतं?

आपण ज्या थरात राहतो तो तपांबर. त्याच्या वर, साधारण 50 किलोमीटरपर्यंत, स्थितांबर. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य उगवत नाही, त्यामुळे तिथलं स्थितांबर थंड होत जातं आणि त्याच्याभोवती पश्चिमी वाऱ्यांचं मोठं कडं तयार होतं. हा ध्रुवीय भोवरा. मराठीत भोवरा म्हणजे पाण्यातलाही आणि जाळी गुंडाळून फिरवायचाही, आणि इथे दोन्ही अर्थ उपयोगी पडतात. वेगात फिरणारा भोवरा एका जागी स्थिर उभा असतो. त्याला धक्के बसू लागले की डुलायला लागतो, कधी कलंडतो.

हे धक्के खालून येतात. 1961 साली ज्यूल चार्नी आणि फिलिप ड्राझिन यांनी दाखवलं की ग्रहीय लहरी तपांबरातून वर चढू शकतात, पण दोन अटींवर. वर पश्चिमी वारे हवेत, म्हणजे हिवाळा हवा, कारण उन्हाळ्यात तिथले वारे पूर्वेकडून वाहतात. आणि लहर खूप लांब हवी. ही उलटी चाळण आहे: बारीक ते अडतं, मोठं तेवढं वर जातं.

वर हवा विरळ होत जाते. 30 किलोमीटरवर तिची घनता जमिनीलगतच्या साधारण एक-दीड टक्का असते. चाबकाची लाट टोकाकडे जाताना दोर बारीक होत जातो आणि टोकाला फटका बसतो, तशी ही लहर वर जाताना फुगत जाते आणि शेवटी किनाऱ्यावरच्या लाटेसारखी फुटते. ती फुटली की भोवऱ्याच्या वाऱ्यांना लगाम बसतो. फटका जोरदार असेल तर वारे मंदावतात, थांबतात आणि चक्क उलटे वाहू लागतात. भोवरा ध्रुवावरून सरकतो किंवा त्याचे दोन तुकडे होतात. ध्रुवावरची हवा खाली दबते आणि दाबल्यामुळे तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो त्यातलंच हे एक कारण. काही दिवसांत तापमान 30 ते 50 अंशांनी चढतं. याला स्थितांबराची आकस्मिक तापवाढ म्हणतात. सरासरीने दहा वर्षांत सहाएक वेळा ती मोठ्या प्रमाणात घडते, पण वेळापत्रक पाळत नाही. 1989 च्या फेब्रुवारीनंतर थेट 1998 च्या डिसेंबरपर्यंत एकही मोठी तापवाढ झाली नव्हती.

ही घटना पहिल्यांदा दिसली ती 1952 च्या सुरुवातीला, बर्लिनमध्ये. रिचर्ड शेरहाग यांच्या फुग्यांवरच्या उपकरणांनी वरच्या हवेत अशी तापवाढ नोंदली की आधी कोणाला उलगडा होईना. ती लहरींमुळे कशी होते याचं गणित जपानचे तारो मात्सुनो यांनी 1971 साली मांडलं. म्हणजे निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांत 19 वर्षं गेली.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. पुण्यात 1944 साली जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होत्या, तेव्हा त्यांचा विषय होता समुद्रातल्या गल्फ स्ट्रीमसारख्या प्रवाहांची वळणं. माध्यम पाण्याचं, पण फिरत्या पृथ्वीवरच्या वळणांचं गणित याच कुळातलं. पुढे एमआयटीमध्ये त्यांनी याच चार्नींबरोबर काम केलं. आणि मग 1971 मध्ये त्या परत गेल्या. आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, नंतर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मान्सूनवर आयुष्य घातलं. ढगांचे पट्टे विषुववृत्ताकडून उत्तरेकडे कसे सरकतात, हे त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी 1980 साली उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं. 2025 च्या जुलैमध्ये त्या गेल्या. आपण इकडे राहिलेली माणसं, म्हणून हा परतीचा प्रवास मुद्दाम सांगितला. दोष कोणाला देण्यासाठी नव्हे.

शेजारच्या माँट्रियलची गोष्ट

या लहरी आपल्या काय उपयोगाच्या, असं कोणी विचारलं तर मी ओझोनचं उदाहरण देतो. ओझोनचं छिद्र दक्षिण ध्रुवावर का पडलं? रेफ्रिजरेटर आणि फवाऱ्यांतली क्लोरीनयुक्त रसायनं तर मुख्यतः उत्तर गोलार्धात वापरली जात होती. उत्तर लहरींमध्ये आहे. दक्षिणेला पर्वतांचे आणि जमिनीचे अडथळे कमी, म्हणून लहरी दुबळ्या, म्हणून तिथला भोवरा शांत आणि अतिथंड. उणे 78 अंशांच्या खाली तिथे विशिष्ट ढग बनतात आणि त्यांच्यावर क्लोरीनची ओझोन खाणारी प्रक्रिया सुरू होते. उत्तरेला लहरी भोवऱ्याला पुन्हा पुन्हा ढवळतात आणि उबदार ठेवतात. शिवाय विषुववृत्ताकडे तयार झालेला ओझोन ध्रुवाकडे वाहून नेणारं अभिसरणही लहरी फुटण्यातूनच चालतं. त्या अभिसरणाला ज्यांचं नाव आहे ते ॲलन ब्रूअर पुढे टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक होते.

अपवादांनी हा नियम आणखी पक्का केला. 2002 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिणेला एकदाच मोठी तापवाढ झाली आणि ओझोनच्या छिद्राचे दोन तुकडे झाले. उलट 2011 आणि 2020 मध्ये उत्तरेचा भोवरा असामान्य थंड राहिला आणि आर्क्टिकवरच्या ओझोनची विक्रमी घट झाली.

म्हणजे छिद्र कुठे पडणार हे लहरींनी ठरवलं. पण क्लोरीन माणसाने सोडलं होतं, आणि ते थांबवण्याचा करारही माणसानेच केला, 16 सप्टेंबर 1987 रोजी, इथून दोनशे किलोमीटरवरच्या माँट्रियलमध्ये. निसर्गाचा वाटा किती आणि आपला किती, हे वेगळं करता आलं म्हणूनच तो करार होऊ शकला.

आपल्या थंडीचं काय?

आता मूळ प्रश्न. वर 30 किलोमीटरवर वारे उलटले तर रिडो कालव्यावरच्या बर्फाला त्याचं काय? मार्क बाल्डविन आणि टिमथी डंकर्टन यांनी 2001 साली दाखवलं की वरचा बिघाड हळूहळू खाली उतरतो आणि त्याची छाया खालच्या हवामानावर साठ दिवसांपर्यंत राहू शकते. जेट प्रवाह दक्षिणेकडे झुकतो, आर्क्टिकवर हवेचा दाब वाढतो, आणि तिथली थंड हवा खाली निसटण्याची शक्यता वाढते. 12 फेब्रुवारी 2018 ला भोवऱ्याचे दोन तुकडे झाले, आणि महिन्याच्या अखेरीस युरोप गारठला, ब्रिटनमध्ये बर्फाने वाहतूक ठप्प झाली.

पण शक्यता हा शब्द मी जपून वापरला आहे. अशा तापवाढीनंतर सरासरीने उत्तर युरोप, सायबेरिया आणि अमेरिकेचा पूर्व भाग गार पडतो. ग्रीनलंड, बॅफिन बेट, लॅब्राडोर इकडे मात्र उलट नेहमीपेक्षा उबदार होतं. आपलं ओटावा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. त्यामुळे वर तापवाढ झाल्याची बातमी ऐकून इथे कोणी रस्त्यावर टाकायच्या मिठाची जादा पोती आणू नयेत. फासा थोडा जड झालेला असतो, दान पडलेलं नसतं.

तरी फासा किती जड आहे हे कळणंही मोलाचं असतं. 2009 साली कॅनडाच्या हवामान केंद्राने आपल्या जागतिक प्रतिमानाचं छत साधारण 30 किलोमीटरवरून 65 किलोमीटरच्या आसपास नेलं. वरचा मजला गणितात आल्यावर हिवाळ्यातले खालच्या मजल्याचे अंदाज सुधारले.

दोन घाईची वाक्यं

26 फेब्रुवारी 2015 रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहॉफ यांनी बर्फाचा गोळा आणून दाखवला. बाहेर बर्फ आहे, मग तापमानवाढ कुठली, असा त्यांचा युक्तिवाद. तेव्हा नुकतंच सरलेलं 2014 हे जगभरच्या सरासरीत तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलेलं होतं. एका गावाची एक दुपार म्हणजे पृथ्वी नव्हे, हे या बैठकीत वेगळं सांगायला नको.

पण आपली बाजूही तपासू. 2014 च्या जानेवारीत 'पोलर व्हॉर्टेक्स' हा शब्द वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवला, जणू स्थितांबर कोसळून अंगावर आलं होतं. प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात स्थितांबराची मोठी तापवाढ झालीच नाही. ती थंडी खालच्या थरातल्या प्रवाहाच्या मोठ्या वळणाची होती. आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे, याबद्दल वाद नाही. त्यामुळे जेट प्रवाह अधिक वेडावाकडा होतो का, भोवरा दुबळा होतो का, याबद्दल मात्र आहे. 2012 पासून याच्या बाजूने आणि विरुद्ध निबंध येत आहेत. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, त्यावरही एकमत नाही.

आता याच्याशेजारी दुसरी घटना ठेवा. 2021 च्या जूनमध्ये अशाच एका लहरीचा उंचवटा पश्चिम कॅनडावर ठाण मांडून बसला. 29 जूनला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावी 49.6 अंश सेल्सिअस नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी गावाचा बहुतेक भाग वणव्यात जळला. लहर नेहमीच्याच घराण्यातली होती, पण तापलेल्या हवामानाशिवाय पारा तिथवर जाणं जवळपास अशक्य होतं, असं अभ्यासकांनी दाखवलं. उष्णतेच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे, थंडीच्या बाबतीत कच्चा. दोन्ही एकाच आवाजात सांगितले तर ऐकणाऱ्याला कच्च्याची चूक दिसते आणि तो भक्कमावरचाही विश्वास सोडतो. माझं आजचं सांगणं एवढंच आहे.

आपल्या गावाकडेही हीच कसोटी लावा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब, हाताशी आलेलं सगळं गेलं. पश्चिमी वाऱ्यांतला खळगा नेहमीपेक्षा बराच दक्षिणेला उतरला आणि त्याला समुद्रावरून आलेली ओल मिळाली. ही लहरींचीच करामत. पण तिला स्थितांबराशी जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी जोडणार नाही. शेतकऱ्याला मदत मिळायला हवी ती गारा पडल्या म्हणून. आपल्या सिद्धांताची सोय होते म्हणून नव्हे.

पुरावा येतो कुठून?

नंतरच्या चर्चेत प्रश्न आला की, "पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस, कोल्हा असं पाहून पाऊस सांगतात. तुमची शक्यता त्याहून वेगळी कशी?" प्रश्न चांगला आहे. फरक हिशेबाचा आहे. हवामान केंद्र अंदाज किती चुकला याचे आकडे ठेवतं आणि छापतं. म्हशीचा हिशेब कोणी ठेवत नाही.

हा हिशेब ठेवायला मोजमाप लागतं आणि मोजमापाला पैसे लागतात. एल्झमिअर बेटावर युरेका इथे, 80 अक्षांशावर, कॅनडाची वातावरण-प्रयोगशाळा आहे. ओटावापासून उत्तरेला जवळपास चार हजार किलोमीटर. भोवऱ्याखालून थेट वर पाहणाऱ्या जगातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. 2011 मध्ये आर्क्टिकवर ओझोनची विक्रमी घट नोंदली गेली, आणि त्याच वर्षी इथल्या ओझोन-निरीक्षणात कपातीच्या योजना जाहीर झाल्या. निधी संपल्याने युरेकाच्या प्रयोगशाळेचं वर्षभराचं काम 2012 च्या एप्रिलअखेर थांबवावं लागलं. 2013 मध्ये नवा निधी आला, 2017 मध्ये पुन्हा तीच वेळ आली आणि पुन्हा निधी मिळाला. ध्रुवावरची नोंद एक हिवाळा तुटली तर तो हिवाळा परत मोजता येत नाही.

10 जुलै 2012 रोजी आपल्याच पार्लमेंट हिलवर शास्त्रज्ञांनी पांढरे कोट घालून 'पुराव्याची अंत्ययात्रा' काढली होती. प्रयोगशाळेतली माणसं शवपेटी घेऊन रस्त्यावर उतरली. तेरा महिन्यांनी, 20 ऑगस्ट 2013 रोजी, पुण्यात पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. या दोन घटनांची बरोबरी होत नाही, मी ती करतही नाही. पण पुरावा मागणं कुणाला तरी महाग पडतं, हे दोन्ही देशांत पाहिलेली माणसं या खोलीत बसली आहेत.

हा केवळ जुना इतिहास नाही. 2025 च्या वसंतात अमेरिकेत मनुष्यबळ कमी केल्यामुळे काही ठिकाणी हवामानाचे फुगे सोडणं बंद किंवा कमी करावं लागलं. वारा सीमा ओळखत नाही. तिथला एक फुगा न सुटणं म्हणजे इथल्या अंदाजातला एक आकडा कमी होणं.

शेवटचं सांगतो. जगभरचे हे फुगे दिवसातून दोनदा, एकाच जागतिक वेळेची नोंद घेण्यासाठी सुटतात. हिवाळ्यात इथल्या संध्याकाळी सातची ती नोंद. फुगा पाऊण-एक तास आधी सोडतात. आज आपण चहा घेत होतो तेव्हा इथून दीडशे किलोमीटरच्या आत, क्युबेकमधल्या मनिवाकीहून एक फुगा निघाला असेल. त्याच सुमाराला, तिकडच्या पहाटे, मुंबईहून आणि नागपूरहूनही फुगे निघाले असतील. कोणीतरी थंडीत, कोणीतरी झोपमोड करून ते सोडले. त्यांनी आणलेले आकडे रात्री एकाच गणितात जमा होतात.

तेव्हा यंदा कोणी विचारलं, "कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" तर चिडू नका. 2022-23 च्या हिवाळ्यात रिडो कालव्याचा स्केटिंगचा मार्ग अर्धशतकाहून अधिक काळात पहिल्यांदाच एकही दिवस उघडला नाही, हे सांगा. 2025 मध्ये तो जानेवारीतच उघडला आणि मोसम चांगला लांबला, हेही सांगा. एका हिवाळ्याने काही सिद्ध होत नाही, अनेक हिवाळ्यांची नोंद लागते. ती नोंद कोण ठेवतं आणि ती चालू राहावी म्हणून आपण आपल्या खासदाराला शेवटचं पत्र कधी लिहिलं, एवढं मात्र घरी जाताना स्वतःला विचारा.